बारा अक्षरांचं लेबल

वारिजा हेगडेच्या लेखातला कोड चालतो, याबद्दल प्रोग्रॅमर मंडळींत दुमत नव्हतं. इतरांचे लेख लोक वाचायचे, तिचे उतरवून घ्यायचे. लेखातली कोडची चौकट उचलायची, आपल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायची आणि पुढच्या कामाला लागायचं, इतका भरवसा.

'ओलेगरी' ही बंगळूरच्या जयनगरातली लहानशी कंपनी. खाली चष्म्याचं दुकान, वर बावीस माणसं. कन्नड, तमिळ, मलयाळम, देवनागरी असला मजकूर संगणकाला नीट शोधता, मोजता, कापता यावा म्हणून लागणारी हत्यारं ही माणसं बनवत, आणि ती हत्यारं कशी वापरायची हे सांगणारा ब्लॉग वारिजा लिहीत असे. त्याआधी नऊ वर्षं ती शिरसीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. फळ्यावर एक ओळ चुकली की चाळीस वह्यांत चाळीस चुका उतरतात, हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिच्या टेबलावर एक जुना संगणक असे. दर लेखाआधी ती तो पार कोरा करी, परक्या माणसासारखी त्याच्यासमोर बसे आणि लेखातली ओळ न् ओळ हाताने टाइप करी. ऑफिसात त्या यंत्राला सगळे 'होसबा' म्हणत, म्हणजे नवखा. होसबाकडे जे चाललं नाही ते बाहेर जायचं नाही. मग मालक दारात येऊन उभा राहो, नाहीतर मालकाचा बाप.

तिचा सगळ्यांत गाजलेला लेख होता 'लांब नाव, लहान लेबल'. विषय साधाच. आपल्या लिपीतलं एक अक्षर संगणकाला एक वाटत नाही. 'क्ष्मी' म्हटलं की त्याच्या लेखी ते सहा तुकडे. त्यामुळे लांब नाव लहान लेबलावर बसवायला गेलं की यंत्र मधेच कुठेतरी सुरी फिरवतं आणि लक्ष्मीची 'लक्ष्' होऊन बसते. वारिजाने अकरा ओळींत उपाय दिला होता: तुकडे नाही, पुरती अक्षरं मोजायची, आणि बारा झाली की थांबायचं. त्या अकरा ओळींना तिने 'कत्तरि' नाव दिलं, म्हणजे आपली कात्रीच. उदाहरण म्हणून चित्र घातलं होतं रक्ताच्या बाटलीवरच्या लेबलाचं. खाली 'चालवून बघा' असं बटण. दोन वर्षांत लाखभर लोकांनी ते दाबलं असेल.

एका मंगळवारी सकाळी तिला पत्र आलं.

"मॅडम, नमस्कार. तुमची कत्तरि उत्तम चालते. कुठेही अडत नाही. तीच तर अडचण आहे. सोबत दोन नावं देतो, चालवून बघावं. हालेश, दावणगेरे."

'चालत नाही' अशी पत्रं वारिजाला रोज चार-पाच यायची. कुणी स्वल्पविराम खाल्लेला असे, कुणी जुनंच हत्यार वापरत असे. अशांची उत्तरं ती चहा गाळता गाळता देई. पण 'चालते, तीच अडचण आहे' असं तिला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

तिने होसबा सुरू केला आणि पहिलं नाव टाइप केलं: होन्नगोंडनहळ्ळी चन्नबसम्मा. दुसरं: होन्नगोंडनहळ्ळी चन्नबसव्वा. बटण दाबलं.

पडद्यावर दोन लेबलं आली.

होन्नगोंडनहळ्ळी चन्नबस

होन्नगोंडनहळ्ळी चन्नबस

वारिजाने बोटांवर मोजलं. गावाची सात अक्षरं, मधली मोकळी जागा आठवी, मग च, न्न, ब, स. बारा. कात्रीने कुठेही लचका तोडला नव्हता. एकही अक्षर अर्धं कापलं नव्हतं. फक्त दोन बायकांची एक बाई झाली होती.

तिने लगेच फोन लावला.

"हालेश ना? मी वारिजा हेगडे, ओलेगरीतून."

"अय्यो, मॅडम! तुम्ही स्वतः? मला वाटलं आठ दिवसांनी कुणीतरी उत्तर पाठवेल की 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'."

"ते राहू द्या. ही दोन नावं खरी आहेत की करून पाठवलीत?"

"खरी आहेत. दोघी एका गावच्या. त्यांचे रिपोर्ट उलटसुलट गेले."

वारिजाने खुर्ची पुढे ओढली. "सांगा."

हालेश एका तपासणी लॅबचा प्रोग्रॅम सांभाळत होता. तो एकटाच. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत लेबलं इंग्रजीत छापली जात. आपली बाटली आपली आहे का, हे पेशंटला वाचताच येत नसे. त्याने हट्टाने ती कन्नडमध्ये आणली, वारिजाचा लेख वाचून. लेबलावर बारीक अक्षरांत नंबर असतो, पण यंत्रावर बसणारी पोरगी दिवसाला तीनशे बाटल्या हाताळते. ती ठळक दिसतं ते नाव बघते. दोघींचं रक्त एकाच सकाळी घेतलं गेलं होतं. एकीची साखर चढलेली, दुसरीची ठणठणीत. कागद बदलले.

"आणि?" वारिजाने विचारलं.

"आणि जिला साखर होती ती लग्नाच्या पंगतीत पडली. आता बरी आहे. पण मॅडम, दोष माझाही आहे. मी तपासायला हवं होतं."

"तुम्ही काय तपासलंत?"

"तुमच्या लेखातली तिन्ही नावं घालून बघितली."

ती तीन नावं वारिजाला आठवली. दोन तिच्या मावसभावांची आणि एक शेजाऱ्यांचं. तिघेही शहरातले, गावाच्या जागी नुसतं एक आद्याक्षर लावणारे.

दुपारी तिने मालकाला सांगितलं. प्रणेश तेहतीस वर्षांचा, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. सगळ्या ऑफिससारखा तोही तिला अक्काच म्हणे. मूळ हत्यार लिहिणारा कुशालप्पा तिथेच बसला होता. हा कोडगूचा माणूस, बोलण्यात सुरीसारखा.

"अक्का, कात्रीचं काम कापणं," कुशालप्पा म्हणाला. "कापड कुणाचं हे कात्रीने विचारायचं?"

"कापड मीच दिलं होतं हातात. रक्ताच्या बाटलीचं चित्र कुणी घातलं? मी."

"अगं, ते चित्र आहे! उद्या तू लेखात विमानाचं चित्र घातलंस तर लोक त्यावरून विमान उडवतील?"

"माझे वाचणारे उडवतील," वारिजा म्हणाली. "म्हणून तर ते माझे वाचणारे आहेत."

प्रणेश हसला, पण तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"सोमवारी दावणगेरेला जाते. त्या गावची माणसं आठवडी बाजाराच्या दिवशी येतात, एकाच बसने. आधी बघते, मग सांगते."

जाता जाता तिने एक काम मात्र उरकलं. जुन्या लेखाच्या डोक्यावर लाल चौकट टाकली: 'माणसांच्या लेबलांसाठी हा कोड वापरू नका. कारण लवकरच.' विचारलं कुणालाच नाही.

सोमवारी सकाळी दावणगेरेच्या स्टँडवर हालेश उभा होता. पस्तिशीचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात हेल्मेट. त्याने तिला आधी लोण्याचा डोसा खायला नेलं. "आधी डोसा, मग चूक," असं म्हणाला, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही हे वारिजाला दिसलं. लॅब स्टँडमागच्याच गल्लीत होती. खिडकीत रेणुकम्मा नावाच्या पन्नाशीच्या बाई बसत. रजिस्टर, गर्दी आणि डॉक्टरांचा राग, तिन्ही त्यांच्याच ताब्यात.

वारिजा त्यांच्या मागच्या स्टुलावर बसली आणि दोन तास काहीही न बोलता नुसतं ऐकत राहिली. खेड्यातून आलेली माणसं नाव सांगताना आधी गाव सांगत, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आपलं. रेणुकम्मा लिहून घेत आणि बोलावताना मात्र भलतंच करीत. "ए, मालतेश, पुढे ये! हालम्मा, काठीवाली, तू नाही, ती दुसरी!"

"तुम्ही गाव का नाही घेत?" वारिजाने न राहवून विचारलं.

"गाव घेतलं तर अख्खी बस उठून उभी राहील, मॅडम," रेणुकम्मा मागे न बघता म्हणाल्या. "गाव सगळ्यांचं एकच. माणूस शेपटाकडे असतो. आणि तुमच्या त्या कात्रीने नेमकं शेपूटच छाटलंय."

वारिजाने ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. इतकी वर्षं लिप्यांवर लिहिलं, अक्षराचे तुकडे कसे जोडतात ते पाचशे वेळा समजावलं, आणि नावाचा कुठला भाग माणसाचा असतो हा प्रश्न तिच्या मनाला शिवला नव्हता.

अकराच्या सुमारास त्या दोघी आल्या. हालेशनेच निरोप धाडला होता. चन्नबसव्वा पुढे, कमरेवर हात. चन्नबसम्मा मागे, सावकाश.

"ही का ती कात्रीवाली?" चन्नबसव्वाने हालेशला विचारलं.

"मीच, अव्वा," वारिजा उठून म्हणाली.

"अकरा दिवस सुनेने कारल्याचा रस पाजला मला. अकरा दिवस! तिला काय, आयतंच सापडलं. भात बंद, गूळ बंद, चहात साखर मागितली की 'अत्ते, तुम्हाला आहे ना!' मला मेलीला काही नव्हतंच." मग तिने वारिजाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चूक कुणाची म्हणायची? या पोराची का तुझी?"

हालेश काहीतरी बोलू लागला. वारिजाने त्याला हाताने थांबवलं.

"माझी. मी चुकीचं शिकवलं, याने भरवशाने केलं."

"बरं. मग माझं नाव पुरतं लिहायला शीक. बापाने ठेवताना कंजूषपणा केला नव्हता."

रांगेतले दोघंचौघं हसले. चन्नबसम्मा हसली नाही. ती बाकावर टेकली, पदराने मान पुसली आणि शांतपणे म्हणाली, "रिपोर्टात साखर नाही असं होतं. म्हणून मी वाढणाऱ्या पोराला म्हटलं, अजून एक पुरणाची होळिगे टाक. तोंड फार कोरडं पडायचं, पण म्हटलं, कागद सांगतोय ना काही नाही. मग अंधारीच आली." हातातली पिशवी सारखी करत, "कागद खोटं सांगत नाही असं वाटतं माणसाला."

वारिजाने हात जोडले. चन्नबसम्माने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते वारिजाला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला नाही एवढं मात्र कळलं.

दुपारी ती आणि हालेश मागच्या खोलीत बसले. हालेशने सहा महिन्यांचं रजिस्टर उघडलं. आजार, वय, फोन सगळं काढून फक्त तारीख आणि नाव ठेवलं. वारिजाने आपलीच कत्तरि त्या नावांवर सोडली आणि एकच प्रश्न विचारला: एका दिवशी दोन वेगळ्या माणसांचं लेबल सारखं झालं, असं किती वेळा?

उत्तर आलं: एकोणतीस.

हालेशचा चेहरा उतरला. "आम्हाला कळलं ते एक."

"मग बाकीचे अठ्ठावीस काढा. आत्ताच."

रेणुकम्मांनी खिडकी दुसऱ्या बाईकडे दिली आणि रजिस्टरं घेऊन आत आल्या. नंबर ताडून ताडून तिघांनी अठ्ठावीस जोड्या तपासल्या. पंचवीस ठीक निघाल्या. नंबर बघूनच कागद दिले गेले होते. तीन जोड्यांबद्दल खात्री होईना. त्या सहा माणसांना पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं ठरलं, आणि डॉक्टरांना ते सांगायला रेणुकम्मा स्वतः गेल्या. आतून दोन मिनिटं मोठमोठ्याने आवाज आले. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "बोलवा."

नवी कत्तरि संध्याकाळपर्यंत उभी राहिली. गाव आधी आखडायचं, अगदी एका अक्षरापर्यंत. माणसाचं नाव पुरतं ठेवायचं. आणि एवढं करूनही त्या दिवशीच्या यादीत दोन लेबलं सारखी झाली, तर छापायचंच नाही. थांबायचं, आणि कोणती दोन नावं एकमेकांवर आली ते मोठ्या अक्षरांत सांगायचं. ही शेवटची अट हालेशची.

"यंत्र थांबलं की आमची पोरगी शिव्या देईल," तो म्हणाला, "पण थांबलेलं दिसतं. चुकलेलं दिसत नाही."

"हे मी लेखात घालणार आहे," वारिजा म्हणाली.

"घाला की. फुकट आहे."

बंगळूरला परत आल्यावर तिने दोन दिवसांत लेख लिहिला. पहिल्याच चौकटीत जुनी कत्तरि, जशीच्या तशी, बटणासकट. वाचणाऱ्याने लेखात दिलेली दोन नावं घालून स्वतःच दाबावं आणि दोन सारखी लेबलं स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. मग चूक काय, ती कुणाची, कुणाला भोगावी लागली. गावाचं आणि बायकांचं नाव बदलून, पण बाकी काही न लपवता. शेवटी नवा कोड, आणि त्याचं उदाहरण असं की चालवलं की ते अडतं आणि लाल अक्षरांत सांगतं: छापणार नाही.

प्रणेशने लेख वाचला आणि तिला आत बोलावलं.

"अक्का, लेख चांगला आहे. फारच चांगला आहे, हीच पंचाईत. शुक्रवारी हैदराबादची माणसं येतायत, आपलं हत्यार घ्यायचं की नाही ते ठरवायला. त्यांनी ब्लॉग उघडला की पहिलं काय दिसणार? 'आमच्या कोडमुळे एक बाई पंगतीत पडली.'"

"खरं आहे ते."

"खरं आहे, कोण नाही म्हणतंय? पण जुन्या लेखातच गुपचूप दुरुस्ती कर ना. अकरा ओळी काढ, वीस टाक. उद्यापासून जो येईल त्याला बरोबरच मिळेल."

"आणि जो काल येऊन गेला त्याला?"

प्रणेशने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"हालेशने परत येऊन लेख वाचला नसता, प्रणेश. त्याने उतरवून घेतलं, त्याचं काम झालं. असे किती असतील? गुपचूप दुरुस्त केलं तर माझा लेख बरोबर होईल. त्यांचं लेबल चुकीचंच राहील."

"आणि जे उदाहरण चालवल्यावर अडतं, ते? लोक म्हणतील यांचा नमुनाच चालत नाही."

"माझे वाचणारे बटण दाबतात. अडलं की का अडलं ते वाचतात. त्यांना मी दोन वर्षं शिकवलंय की चाललं म्हणजे झालं. आता तेच मला त्यांच्याकडून काढून घ्यायचंय."

"नाहीच म्हटलं मी तर? राजीनामा देशील?"

"राजीनामा कशाला देऊ? लेख देते. तू छाप, नाहीतर 'छापत नाही' असं मला लिहून दे, कारणासकट. तेही मी फाइलला लावते."

प्रणेशने कपाळावर हात मारला. "शिरसीच्या पोरांचं काय होत असेल गं तुझ्या वर्गात!"

"पास व्हायची."

त्याने लेख पुन्हा वरपासून वाचायला घेतला. या खेपेला त्याने बटण दाबलं. वारिजाने पाहिलं, की तो लेखातली नावं न घालता काहीतरी दुसरंच टाइप करतोय. बराच वेळ करतोय. त्याने काय घातलं ते तिला दिसलं नाही. दोन्ही लेबलं सारखीच आली, तसा तो म्हणाला, "'माझी चूक' असं लिहिलंयस. तिथे 'ओलेगरीची चूक' कर. एकटीच्या नावावर नको घेऊ. आणि गुरुवारीच जाऊ दे. शुक्रवारी विचारलं तर मी सांगेन."

गुरुवारी लेख बाहेर पडला. पण वारिजाचं काम तिथे संपत नव्हतं. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी उघड्यावर ठेवलेला कोड शोधता येतो, आणि 'कत्तरि' असं नाव दुसरं कोण देणार? तिने शोध घेतला. एकशे त्रेसष्ट ठिकाणी तिच्या अकरा ओळी सापडल्या. काहींनी तिच्या मावसभावांची नावंसुद्धा तशीच ठेवली होती.

तिने एकशे त्रेसष्ट पत्रं लिहिली. एकच मजकूर सगळ्यांना धाडला नाही. प्रत्येकाचा कोड उघडून बघितला, त्याचं लेबल कशाचं आहे ते शोधलं, आणि त्यांच्याच भागातली दोन नावं जोडून दिली: ही चालवून बघा. लोणच्याच्या बरण्यांवर लेबल लावणाऱ्याला दोनच ओळी लिहिल्या. गुरांच्या दवाखान्याला जास्त. कुशालप्पा आधी चेष्टा करत होता. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"तमिळवाले मला दे," तो म्हणाला. "तुझं तमिळ ऐकून ते कोडसकट पळून जातील."

उत्तरं येऊ लागली. एकाने लिहिलं, 'मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये.' बऱ्याच जणांनी मुकाट्याने कोड बदलला. उघड्यावर होता, म्हणून दिसलं. कोळिकोडच्या बीनामोळ नावाच्या बाईने मात्र वारिजाला फोनच केला. ती परीक्षेची प्रवेशपत्रं छापणारा प्रोग्रॅम चालवत होती.

"तुमची नवी कात्रीही आमच्याकडे चुकते हो," ती म्हणाली. तिचं बोलणं म्हणजे पावसाची सर. "आमच्यात घराण्याचं नाव आधी, तुम्ही ते एका अक्षरावर आणता. इथे एका वर्गात चार फातिमा बसतात! घराणं गेलं तर उरलं काय? शेपूट चारही जणींचं एकच."

वारिजाने वही ओढली. "मग तुमचं यंत्र थांबलं असेल."

"थांबलं ना! म्हणूनच तर फोन केला. पाच मिनिटांत पाच वेळा थांबलं."

"मग ते बरोबरच चाललंय," वारिजा म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या संध्याकाळी लेखात आणखी एक चौकट आली: नाव कुठून आखडायचं हे तुमच्या गावाला विचारा, मला नाही. खाली बीनामोळचं नाव.

शुक्रवारच्या पाहुण्यांनी लेख वाचलेला होता. त्यांनी त्याबद्दल प्रणेशला पाऊण तास छळलं, आणि ठरवायला आणखी महिनाभर मागून घेतला. ते येतील की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रणेश बाहेर आला तेव्हा घामाघूम होता, पण ताठ होता.

"सगळं सांगितलं," तो वारिजाला म्हणाला. "त्यांच्यातल्या एकाने बटणही दाबलं."

महिनाअखेरपर्यंत एकशे त्रेसष्टपैकी एकशे एकतीस ठिकाणी कोड बदलला गेला. दावणगेरेच्या त्या सहा माणसांपैकी दोघांचे रिपोर्ट खरोखरच बदललेले निघाले, दोन्ही किरकोळ. उरलेल्या बत्तीस ठिकाणी वारिजाने दुसरं पत्र धाडलं, आणि तिसरंही धाडायची तिची तयारी होती.

लेखावर हालेशचंही नाव हवं, असं तिने त्याला कळवलं. त्याने नाही म्हटलं. लेख इंग्रजीत, तो माझ्यासारख्या गल्लीतल्या प्रोग्रॅमरांना अर्धाच कळतो. मी स्वतः तीनदा वाचला तेव्हा कुठे कात्री हातात आली, असं म्हणाला. "कन्नडमध्ये लिहिणार असाल तर नाव घाला. आणि रेणुकम्मांचंही घाला, नाहीतर मला खिडकीतून आत सोडणार नाहीत."

ओलेगरीच्या ब्लॉगवर कन्नडमध्ये आजवर एकही लेख आला नव्हता. लिप्यांची कंपनी, आणि सगळं लिहिणं इंग्रजीत! वारिजाला पहिल्यांदाच याची लाज वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी हुरूप आला. तिने बसून लिहायला घेतलं. तिचं हात बसलेलं काम, पण इथे दर ओळीला शब्द शोधावा लागत होता. शिरसीच्या वर्गात फळ्यापाशी तोंडी जे सांगायची ते आता कागदावर यायला हवं होतं. दर दोन परिच्छेदांनी ती हालेशला फोन करी.

"दोन लेबलं सारखी झाली की यंत्र लाल अक्षरांत जे म्हणतं, ते काय लिहू? 'तप्पु' लिहू?"

"तप्पु नको, मॅडम. तप्पु म्हणजे चूक. पोरगी घाबरेल, तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं."

"मग?"

"'निल्लु' लिहा. थांब. आम्ही गाईला म्हणतो, पोरांना म्हणतो, बसवाल्याला म्हणतो. सगळ्यांना कळतं."

"हुकूम सोडल्यासारखं वाटतं रे. 'कृपया' लावू का पुढे?"

"रक्ताच्या बाटलीपुढे कसली कृपया, अक्का!" हालेश म्हणाला. मॅडमची अक्का कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "पुढच्या ओळीत कारण सांगा ना नीट. पहिला शब्द नुसता 'निल्लु'."

वारिजाने तो टाइप केला, बटण दाबलं, आणि पडद्यावरचा शब्द त्याला फोनवर वाचून दाखवला.

"आणखी मोठा करा," तो म्हणाला. "रेणुकम्मांना चष्मा लागलाय, पण त्या मान्य करत नाहीत."